मैदानाचं क्षेत्रफळ

खात्याचा फॉर्म येतो मार्चअखेर,
आणि रकाना क्रमांक चार दरवर्षी मला अडवतो :
मैदानाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये.

जानेवारीत की जुलैत, ते विचारत नाहीत.

रिवणला आमचं मैदान भात कापल्यावर उगवतं.
रुझार कुलासोच्या मेरेपासून ओहोळापर्यंत,
गुरं हाकलून, शेणाचे पो उचलून,
पोफळीचे दोन सोट इकडे, दोन तिकडे.
वर आडवा बांबू नाही.
चेंडू वरून गेला की आतून, यावर भांडण झालं
तर गोलकीपरचा उंचावलेला हात हेच माप.
त्यामुळे दोन्ही संघांना
सगळ्यात बुटकी पोरगीच गोलात हवी असते.

मी तासिका तत्त्वावर, अकरा वर्षं.
शिट्टी घरची.
चित्रकलाही माझ्याच गळ्यात; परीक्षेला
'खेळाचे मैदान' काढा म्हटलं
तर निम्म्या मुलांनी मधोमध रेडा काढला.
मी पूर्ण गुण दिले.

भाताचे खुंट टोचतात.
पहिल्या आठवड्यात रक्त, दुसऱ्यात खपली,
मग तळव्याला चामडं येतं आपोआप.
सुलक्षा वेळीप चिऱ्याच्या खडीवरूनही
अशी सुटते, की चेंडू
पायाला बांधलाय की काय बघावं.

यंदा फातोर्ड्याला गेलो.
एका उंचीचं, एका रंगाचं गवत,
वाकून वास घेतला तर रबराचा.
बूट सक्तीचे.
इगर्जीजवळच्या पोरांचे मागून आणले होते,
आठ नंबरचे. हिचा पाय पाचचा.
टाचेत मोजे कोंबले, नाड्या घोट्याभोवती तीनदा फिरवल्या.
पहिल्याच धावेत बूट पुढे गेला, ती मागे राहिली.
वरच्या बाकांवर कोणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं.

चार-शून्य.

बसमध्ये केपें येईपर्यंत कोणी बोललं नाही.
मग वेन्सियानं भज्यांचा पुडा फोडला,
आणि खिडकीशी बसलेली सुलक्षा म्हणाली,
सर, आपण निघालो तेव्हा ते मोठे दिवे चालूच होते.
आता तिथं कोण खेळतंय?

तिच्या वाड्यावर सातला वीज जाते.
मी म्हटलं, भजी खा.

तिची मोठी बहीण राज्याकडून खेळून आलेली.
प्रमाणपत्राला प्लास्टिकचा कागद, भिंतीला खिळा,
आणि नोकरी कुडचड्याला, औषधांच्या दुकानात.
खेळून काय मिळालं, विचारलं एकदा.
काजूच्या डोंगरावर दम लागत नाही, म्हणाली,
आणि माझ्या खोकल्याचं औषध मोजून दिलं.

पावसाळ्यात मेरेवर उभं राहिलं
की सगळं हिरवं, फक्त दोन ठिकाणी टक्कल.
गोलासमोर माती इतकी तुडवलेली
की नांगरही तिथं वरवर जातो,
रोप लागतं, पण वीतभर खुजं राहतं.
रुझार काठीनं दाखवतो :
"सर, तुमच्या गोलान म्हजें दोन कुडव भात खालें."
दरवर्षी तेवढंच बोलतो.
दरवर्षी कापणी झाली की
पोफळीचे सोट स्वतःच गोठ्यातून काढून ठेवतो.

म्हणून या खेपेला
रकाना अकरा, 'प्रायोजक असल्यास नाव व रक्कम',
मी कोरा सोडला नाही :
रुझार कुलासो. दोन कुडव भात.

फॉर्म परत आला, लाल शाईत :
रक्कम रुपयांत नमूद करावी.

रुझारनं पुढच्या साली एवढंच मागितलंय,
गोल दहा पावलं सरकवा,
जुन्या जागेला श्वास घेऊ दे.
कुणाची दहा पावलं, यावर कालच वाद झाला.
माझी मोजली तर ओहोळाच्या अलीकडे संपतात.
सुलक्षानं मोजली, अनवाणी,
आणि दहाव्या पावलाला ती ओहोळात उभी होती,
पोटऱ्यांपर्यंत पाण्यात,
तिथून ओरडत, सर, इथं?